चोवीस नंबरची ओळ

आमच्या चर्चच्या दारातून आत आलं की डाव्या हाताच्या भिंतीत एक काळा दगड बसवलेला आहे. त्यावर तेवीस नावं कोरली आहेत. या चर्चची मंडळी स्थापन झाली त्या दिवशी ज्यांनी सभासदांच्या पटावर सह्या केल्या, त्यांची ती नावं. नवीन माणूस आला की दगड वाचतो आणि हमखास मला विचारतो, "काका, यात तुमच्या आईचं नाव कुठे दिसत नाही?" कारण बाकीचं सगळं त्याला आधीच कुणीतरी सांगितलेलं असतं. सुरुवात आजींच्या घरात झाली, पहिली उपासना आजींच्या हॉलमध्ये, पहिल्या प्रभुभोजनाचा रस आजींच्या पातेल्यात. मी "नाहीये" म्हणतो आणि त्याला पंख्याखालची जागा दाखवतो.

ते नाव तिथे नाही ते माझ्यामुळे. हे एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुढे सांगताना उगाच आडवळणं घ्यायला नकोत.

मी सांगलीकडचा. अंबडच्या एका कंपनीत टाइम ऑफिसात नोकरी लागली म्हणून नाशिकला आलो. बाबा नुकतेच गेले होते, तेव्हा आईला गावी एकटं ठेवायचं नाही असं मी ठरवलं. ती यायला तयार नव्हती. तिचा एकच प्रश्न, "तिथं आपलं देऊळ हाय का?" आमच्याकडची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. नाशिकला चर्च काय कमी नाहीत, चांगली जुनी दगडी आहेत. पण आमच्या प्रेस्बिटेरियन रीतीचं आसपास एकही नव्हतं. शहरातल्या एका चर्चमध्ये ती चार-सहा महिने गेली आणि मग घरीच बसायला लागली, ती पाच-सहा वर्षं. म्हणाली, "माणसं सोन्यासारखी हायत रे. पण गुडघे टेकायचं कधी आन् उठायचं कधी, त्येच मला कळंना झालंय. सगळी उठली की मी बसती."

गाव सोडताना एक गोष्ट घडली होती, ती आधी सांगायला हवी. आमच्यात एका गावची मंडळी सोडून दुसरीकडे जायचं तर पहिल्या मंडळीकडून पत्र घ्यावं लागतं. हा माणूस आमच्या पटावर आहे, वर्तन चांगलं आहे, याला सामील करून घ्या, असं दोन ओळींचं पत्र. पत्र दिलं की तिकडच्या पटावरून नाव कमी होतं. मी माझं पत्र घेतलं. आईने घेतलं नाही. "तुझ्या बाबाचं आन् माझं नाव एका पानावर हाय," ती म्हणाली. "पत्र घेतलं की माझं तिथनं जाईल. ऱ्हाऊ दे." बरं, म्हटलं मी. तेव्हा कुठे माहीत होतं की पुढे मीच त्या पत्रावर अडून बसणार आहे!

नाशिकची मंडळी सुरू झाली ती मेथीच्या जुडीपासून. सिडकोच्या भाजीबाजारात एक बाई मेथी बघत बघत आमच्याकडच्या चालीवर एक गीत गुणगुणत होती. आईने तिचं मनगट धरलं ते सोडलंच नाही, तशीच तिला चहाला घरी घेऊन आली. तिचा नवरा कंपनीची गाडी चालवायचा. त्याला जालन्याकडचे दोघे माहीत होते, त्या दोघांना आणखी कुणी. तीन महिन्यांत रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये पाच घरं बसायला लागली. सोफा गॅलरीत, पाऊस आला की पुन्हा आत. दारात चपलांचा हा ढीग! खालच्या मजल्यावरचे गृहस्थ एकदा वर येऊन म्हणाले, "लग्न आहे का कुणाचं?" आईने त्यांनाही चहा पाजला.

पहिल्या प्रभुभोजनाला पाळक सहा तासांचा प्रवास करून आले. भाकर पावाची, आणि रस आईने केला. शनिवारी मनुका भिजत घालायच्या, रविवारी पहाटे उकळायच्या, धोतराच्या फडक्यातून पिळायच्या. मी चिडवायचो, "द्राक्षांच्या गावात राहून मनुका कसल्या उकळतेस?" ती म्हणायची, "ताजा रस फसफसतो लेका. मनुका गुणी असत्यात." पुढे मंडळी केवढी वाढली, पण रस तिच्याच हातचा. शंभर छोट्या पेल्यांपर्यंत तिने तो एकटीने केला. कुणाला हात लावू द्यायची नाही.

हॉल पुरेना तेव्हा सिन्नर रोडच्या बाजूला एका शेतकरी कुटुंबाने आम्हाला द्राक्षं पॅक करायचं शेड दिलं. त्या घरची मालकीण आईकडे पापड लाटायला यायची. ती म्हणाली, "रईवारी मोकळंच ऱ्हातं ते. देवाचंच नाव घेता ना? मग बसा की, कोन नाय म्हनतं." आम्ही क्रेट उलटे टाकून त्यावर बसायचो. हंगामात शेड भरलं की पुन्हा हॉलमध्ये, हंगाम संपला की पुन्हा शेडात. दोन वर्षं अशी गेली. खरं सांगतो, त्या दोन वर्षांसारखी उपासना मग कधी झाली नाही. तिथे पट नव्हता, दगड नव्हता, आणि मी चिटणीसही नव्हतो.

मग रीतसर मंडळी स्थापन करायचं ठरलं. आमच्याकडे कारभार निवडून दिलेले 'वडील' बघतात; ते वयाने वडील असतात असं नाही. मी त्यांतला एक झालो, चिटणीसही झालो, आणि पट माझ्याकडे आला. देणाऱ्यांनी माणूस बरोबर हेरला होता. टाइम ऑफिसातला माणूस मी, गेट बंद म्हणजे बंद. साडू आमच्याच कंपनीत होता, त्याचा मी एकदा दोन मिनिटांसाठी अर्धा दिवस कापला आहे. तो अजून माझ्याकडे जेवायला येत नाही. मी जाहीर केलं, प्रत्येकाने जुन्या मंडळीचं पत्र आणायचं. पत्र नाही, नाव नाही.

लोक धावले. त्या ड्रायव्हरच्या म्हाताऱ्या वडिलांचं पत्र जालन्याकडून यायचं होतं, तो त्यासाठी दोनदा जाऊन आला. पत्र आलं ते म्हातारा गेल्यानंतर चौथ्या दिवशी. ड्रायव्हर ते हातात घेऊन माझ्याकडे आला. "दादा, एवढं लिहून घ्या. त्यांची लई इच्छा होती." मी म्हणालो, "मेलेल्या माणसाला सभासद कसं करून घेणार, तूच सांग." त्याने पत्राची घडी केली, खिशात घातली, आणि "बरोबर आहे" म्हणून गेला. भांडला असता तर बरं झालं असतं.

आई मात्र आता खुशीत होती. "तिकडचं पान सोडती आता. हिकडं नवीन पान उघडतंय," म्हणाली. मी गावच्या मंडळीच्या चिटणिसाला फोन लावला. तो म्हणाला, "आईंचं नाव कमी होऊन लई वर्षं झाली की. तीन वर्षं सलग प्रभुभोजनाला न्हाई आलं माणूस, की आम्ही रेघ मारतो. तुम्हांस्नी काय सांगायचं? नियमच हाय."

नियमच होता. त्याच्या जागी मी असतो तर मीही मारली असती.

आता उपाय साधा होता. ज्याचं नाव कुठल्याच पटावर नाही त्याने वडिलांसमोर बसायचं, विश्वासाविषयी चार प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं द्यायची, की झाला सभासद. पोरंसोरं देतात उत्तरं. पण मला ते तिला सांगवेना. बाबांच्या शेजारी तुझं नाव आहे म्हणून तू इतकी वर्षं जपत बसलीस, तिथे लाल रेघ आहे, हे कुठल्या तोंडाने सांगू? आणि खोटं कशाला बोलू, मला लाजही वाटली. सगळ्यांकडे पत्रं मागणाऱ्या चिटणिसाची आईच पटावरून काढलेली निघाली! मी तिला सांगितलं, "पत्र यायचंय. पोस्टात असेल."

स्थापनेच्या दिवशी वरच्या सभेची, म्हणजे सगळ्या मंडळ्यांवर देखरेख करणाऱ्या सभेची, चार माणसं आली. मी एकेक नाव वाचलं, एकेकाने पुढे येऊन सही केली. तेवीस. आईने त्या दिवशी ऐंशी माणसांचा स्वयंपाक केला होता. ती स्वयंपाकघराच्या दारात हातात झारा धरून उभी होती. सगळं झाल्यावर मला म्हणाली, "माझ्यासाठी एक ओळ सोड बरं का. पत्र आलं की करती सही." मी पटात चोवीस नंबर घातला आणि पुढची ओळ कोरी सोडली. नंतर आलेल्यांची नावं पंचवीसपासून पुढे लिहिली.

मंडळी वाढत गेली. प्लॉट झाला, पत्र्याचं छप्पर झालं, मग स्लॅब पडला. अंबडच्या कंपन्यांत, सिन्नरच्या कंपन्यांत नोकरीला आलेली कुठकुठली पोरं यायला लागली. आज रविवारी उशीर झाला तर मागे उभं राहावं लागतं. दर वर्धापनदिनाला स्थापनेची तेवीस नावं वाचायची अशी रीत पडली. नाव घेतलं की तो माणूस उभा राहतो. जो देवाघरी गेला असेल त्याच्यासाठी त्याच्या घरचं माणूस उभं राहतं. नावं मी वाचतो. आई त्या वेळी आत चर्चच्या स्वयंपाकघरात भांडी विसळत असायची. तिला पाणी नेमकं तेव्हाच सोडायचं असायचं.

"पत्र आलं का रे?" हे आधी ती दर आठवड्याला विचारायची. मग महिन्याला. मग घरात कुरिअरवाला आला की नुसती माझ्याकडे बघायची. एकदा म्हणाली, "मीच जाऊन घिऊन येती, त्यात काय!" मी खेकसलो, "गुडघे बघ तुझे आधी. जिना उतरवत नाही आणि निघाली सांगलीला." माझा आवाज चढायचा तो कशाने चढायचा, हे तिला कळत नव्हतं, मला कळत होतं.

इमारतीच्या समर्पणाच्या दिवशी तो दगड बसवला. आईने चष्मा पुसून सगळी नावं वाचली. दगडाच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हितं जागा न्हाई सोडली व्हय रे?" मी म्हणालो, कारागीर म्हणाला बरं दिसत नाही. कारागीर असलं काही म्हणाला नव्हता. मी त्याला चोवीसचं सांगितलंच नव्हतं.

गेल्या वर्षी पावसाळा सरताना ती अंथरुणाला खिळली. हृदय दमलंय, म्हणाले डॉक्टर, घरीच ठेवा. पाळकसाहेब भेटायला आले. तरुण माणूस, तिला आजी म्हणतो, तिच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीवर जीव. प्रार्थना झाली, आणि तिने त्याचा हात धरून ठेवला. "साहेब, माझं पत्र काय आलं न्हाई. आता मी कुठल्या मंडळीची म्हणून जाऊ?"

त्याला काही उलगडेना. मी त्याला खाली पार्किंगमध्ये नेलं आणि सगळं सांगितलं. बारा वर्षांचं साठलेलं, एका स्कूटरला टेकून. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "अहो काका, एवढंच? दोन वडील आणि मी बसलो की दहा मिनिटांचं काम आहे. तुम्ही आहात, आणखी एकाला बोलावू. आत्ता करू."

इथे तरी माझी जीभ झडायला हवी होती. मी म्हणालो, "मी मुलगा आहे. मला कसं धरता येईल? आईसाठी मुलाने बसायचं म्हणजे लोक म्हणतील, घरचंच चर्च आहे." त्या दिवशी माझ्याशिवाय सिडकोत एकच वडील होते, दुसरे पुतण्याच्या लग्नाला देवळा गावी गेले होते. तिसरे आजारी. मी म्हणालो, देवळ्याचे उद्या दुपारी येतील, उद्या करू. "तुमची मर्जी, काका," पाळकसाहेब म्हणाले. "पण आजींना आज सांगा."

सांगितलं. संध्याकाळचा चहा तिला चमच्याने पाजता पाजता सांगितलं. तिने पहिलं काय विचारावं? "तांबडी रेघ हाय का?"

"हो."

"बाबाच्या नावावर न्हाई न्हवं?"

"नाही. त्यांच्यापुढे 'प्रभूत निजले' असं लिहिलंय."

ती पंख्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, "म्हंजे इतकी वर्षं मी कुठंच न्हवती." मी तिच्या पायांशी डोकं टेकलं आणि रडलो. पंचावन्न वर्षांचा घोडा, लहान पोरासारखा हमसून रडलो. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. रागावली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर सोसलं असतं. ती म्हणाली, "आरं वेड्या, मला प्रश्न विचारायचं होतंस की. मला सगळी उत्तरं येत्यात. मीच न्हाई का शिकवली पोरास्नी, हितं हॉलमधी?"

खरंच होतं ते. मंडळीतल्या अर्ध्या पोरांना प्रश्नोत्तरं तिने पाठ करून घेतली होती, आणि तीच पोरं पुढे वडिलांसमोर ती म्हणून सभासद झाली होती.

"विचार बरं," ती म्हणाली. "उद्या अडखळायला नको."

मी विचारलं. तिने उत्तर दिलं. दुसरं विचारलं, तेही दिलं. श्वास लागत होता, मी थांबू म्हटलं तर हातानेच "पुढचं" अशी खूण. चारही प्रश्नांची उत्तरं तिने न चुकता दिली. दारात आमची ही पदर तोंडाला लावून उभी होती. आई तिला म्हणाली, "सूनबाई, उद्या माझं पांढरं लुगडं काढ. माणसं येणार हायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ती गेली. लुगडं इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेलं होतं. देवळ्याचे वडील लग्नघरचा लाडवांचा पुडा घेऊन एसटीतून उतरले आणि थेट आमच्याकडे आले, दोनला. त्यांना फोन करायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

मातीला सगळी मंडळी लोटली. शेडवाली मालकीणही आली होती, तिने द्राक्षवेलीची पानं आणून वर घातली. आठवड्याने पाळकसाहेब पट घेऊन घरी आले. चोवीसची ओळ उघडून माझ्यापुढे पेन ठेवलं. "लिहा काका. कुणी काही म्हणणार नाही. चारी उत्तरं दिली ना त्यांनी? झालं तर मग."

मी पेन उचललं. आणि मला तो ड्रायव्हर दिसला, पत्राची घडी करताना. पेन खाली ठेवलं आणि त्याच्या घरी गेलो. म्हणालो, "तुझ्या वडिलांना मी नाही म्हटलं होतं. आता आईचं लिहायचं आहे. काय करू?" त्याने मला पाणी दिलं. म्हणाला, "लिहा की दादा. आजींमुळे तर आपण सगळे. आमचं राहिलं ते राहिलं." अगदी मनापासून म्हणाला. म्हणूनच मला लिहिता आलं नाही. त्याच्या वडिलांचं लिहू का, असं विचारलं, तर तो हसला आणि म्हणाला, आता ते पत्रही कुठे आहे कुणास ठाऊक.

परवा वर्धापनदिन झाला. रस आता आमची ही करते, मनुकांचाच. गोडी तीच, पण लोक पेला ओठाला लावून क्षणभर थांबतात. मी पट घेऊन पुढे उभा राहिलो आणि नावं वाचायला लागलो. माणसं उठत गेली. नऊ नावांना आता घरची माणसं उठतात. तेविसावं नाव वाचलं, आणि माझं बोट पुढच्या ओळीवर गेलं. नुसता चोवीस आकडा, माझ्याच हातचा. पुढे काही नाही.

गेलेल्या माणसासाठी घरचं माणूस उभं राहतं. मी तर आधीपासून उभाच होतो, वाचायला. मी कुणासाठी उभा आहे, हे कुणाला कळायला मार्ग नव्हता. नावं संपली की मी खाली बसतो; परवा मला बसवेना. पाळकसाहेबांना वाटलं चक्कर येतेय, त्यांनी घाईने गीत सुरू केलं. मंडळी गायला उठली, दोनशे माणसं. त्या आवाजात मी आईचं नाव घेतलं, बाबांच्या नावासकट, पटावर लिहितात तसं पूर्ण. सवयीने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मग मी पट मिटला.